इंजिन नवं बांधलं, सेल्फ फिरतो, पण गाडी धरत नाही

वाचकांचे प्रश्न, गॅरेजमधून उत्तरं

प्रश्न : दादा नमस्कार. मी चोपडा तालुक्यातला, केळी आणि कापूस करतो. वडिलांच्या काळातली मारुती ८०० आहे आमच्याकडे, १९९७ चं मॉडेल, कार्बोरेटरवाली. दोन वर्षांपासून ऑइल खात होती, मागून निळा धूर टाकायची, म्हणून संक्रांतीनंतर मी आणि मामाचा मुलगा अशा दोघांनी मिळून इंजिन उतरवलं. बोर जळगावला लेथवर करून आणला, ओव्हरसाईज पिस्टन, रिंगा, बेअरिंग, व्हॉल्व्ह घासून घेतले, टायमिंग बेल्ट नवा, सगळं चांगलं सामान टाकलं आणि बांधणी घरीच शेडमध्ये केली. आता महिना होत आला, सेल्फ मस्त फिरतो पण गाडी धरतच नाही. मधूनच कार्बोरेटरमधून फट् करून आवाज येतो, एकदा तर जाळ बाहेर आला. प्लगला करंट निळा येतो, प्लग काढले की ओले असतात. कॉईल बदलली, प्लग बदलले, वायरी बदलल्या, कार्बोरेटरचं किट टाकलं, सात हजार रुपये गेले. गावातला मेकॅनिक म्हणतो रिंगा चुकल्या असतील, इंजिन परत उघडावं लागेल. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) बहिणीला घ्यायला याच गाडीने येतो असं मी तिला सांगून बसलोय. इंजिन उघडू का?
– एक वाचक, ता. चोपडा

उत्तर : नको भाऊ, इंजिन उघडू नका, आणि आधी ते सेल्फ मारणं बंद करा, हे सगळ्यात पहिलं. का ते पुढे सांगतो.

तुमचं पत्र वाचून राहवलं नाही, खाली नंबर होता म्हणून मी सरळ फोनच लावला आणि तीन गोष्टी विचारल्या, त्या बाकी वाचकांसाठी इथे देतो. एक, कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, कोणी मोजलाय का? तर हो, त्याच मेकॅनिकने गेज लावून पाहिलं, तिन्ही सिलिंडरला ९, साडेनऊ आणि ९ किलो आलं. दोन, डेल्को, म्हणजे प्रत्येक प्लगला पाळीपाळीने करंट वाटणारा डिस्ट्रिब्युटर, बसवला तेव्हा टायमिंग कसं मिळवलं? तर पुलीची खूण शून्यावर आणली, रोटर (डेल्कोच्या आत फिरणारा काटा) एक नंबरच्या वायरीसमोर धरला आणि डेल्को आत सरकवला. तीन, ऑइलची पट्टी काढून वास घेतला का? तर घेतला नव्हता, फोन चालू असतानाच जाऊन बघितलं, पेट्रोलचा वास आणि ऑइल खुणेच्या वर चढलेलं.

आता बघा, गाडी धरायला काय लागतं? दाब लागतो, पेट्रोल लागतं आणि करंट लागतो. तुमच्याकडे दाब आहे, नव्या रिंगा अजून बसलेल्या नसताना ९ किलो म्हणजे चांगलाच आहे, आणि तिन्ही सिलिंडर जवळजवळ सारखे आहेत हे त्याहून महत्त्वाचं. रिंगा चुकल्या असत्या तर तिन्हीत असा सारखा आकडा आला नसता. पेट्रोल आहे, कारण प्लग ओले आहेत. करंट आहे, तुम्ही डोळ्यांनी बघितलाय. तिन्ही आहेत आणि तरी धरत नाही म्हणजे तिन्ही एका वेळी भेटत नाहीत. करंट येतोय पण भलत्या वेळी येतोय. आणि फट् कार्बोरेटरमधून होतंय, म्हणजे ठिणगी पडते तेव्हा आत घेणारा व्हॉल्व्ह उघडा आहे, जाळाला वाट कार्बोरेटरकडेच मिळते.

हे कसं होतं ते नीट समजून घ्या. एका सिलिंडरचं काम पूर्ण व्हायला क्रँक दोन वेळा फिरतो आणि कॅमशाफ्ट एकदाच. म्हणजे पिस्टन दोनदा वर येतो, एकदा दाब घेऊन, जेव्हा ठिणगी पडायला हवी, आणि एकदा जळालेला धूर ढकलून बाहेर काढायला. पुलीवरची खूण या दोन्ही वेळी शून्यावर येते. पुलीला काय कळणार वर कोणता स्ट्रोक चाललाय. तुम्ही खूण शून्यावर आणली ती बहुतेक दुसऱ्या वेळची आणली, आणि डेल्को तिथे बसवला, तो मग बरोबर अर्धा फेरा उलटा बसतो. धूर बाहेर काढायचं संपत आलेलं असतं, पेट्रोल आत घ्यायचा व्हॉल्व्ह नुकताच उघडायला लागलेला असतो, आणि नेमकी तेव्हाच ठिणगी.

तुम्ही म्हणाल बेल्टच्या खुणा तर आम्ही जुळवल्या होत्या. जुळवल्या असतील, पण बेल्टची खूण फक्त बेल्टसाठी असते. कॅमची आणि क्रँकची खूण समोरासमोर आली म्हणजे एक नंबर दाबावरच आहे असं कधी धरून चालू नका, काही इंजिनात त्या वेळी दुसराच सिलिंडर दाबावर असतो. डेल्कोसाठी एकच गोष्ट विश्वासाची, तुमचा स्वतःचा अंगठा.

मी धुळ्याला आग्रा रोडवरच्या एका गॅरेजात लागलो तेव्हा मिसरूड फुटायचं होतं. एक पद्मिनी टॅक्सी तीन दिवस उभी होती, इंजिन ताजं बांधलेलं, आम्ही पोरांनी पॉइंट बदलले, कंडेन्सर बदलला, ढकलून ढकलून खांदे गेले. उस्ताद लग्नाला गेलेले, चौथ्या दिवशी आले, चहासुद्धा न पिता एक नंबरचा प्लग काढायला लावला आणि माझा हात धरून अंगठा त्या भोकावर दाबला. दुसऱ्या पोराला पुली फिरवायला सांगितली. पहिल्या फेऱ्याला काहीच नाही. दुसऱ्या फेऱ्याला अंगठ्याखालून हवा अशी जोरात फुसकन निघाली की मी हात मागे घेतला. उस्ताद म्हणाले, आता बघ खूण कुठे आहे. खूण अगदी शून्याजवळ येत होती आणि रोटर उलट्या तोंडाने उभा. त्या दिवसापासून मी कितीही घाई असली तरी अंगठा लावल्याशिवाय डेल्को बसवत नाही.

तर तुम्ही असं करा. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, गाडी न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला. तिन्ही प्लग काढा म्हणजे इंजिन हलकं फिरेल. बेल्टच्या बाजूचा सिलिंडर तो एक नंबर. तिथे मामाच्या मुलाचा अंगठा लावा आणि तुम्ही पुलीच्या बोल्टला गोटी पाना लावून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवा, उलटं फिरवू नका. हवा अंगठ्याला ढकलायला लागली की हळू व्हा आणि खूण शून्यावर आणून थांबा. खात्री करायची असेल तर टॅपेटचं झाकण काढून बघा, एक नंबरचे दोन्ही रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारे हात) हाताने थोडे खुळखुळले पाहिजेत, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद आहेत. घट्ट लागले आणि एक उघडतोय एक मिटतोय असं दिसलं तर तुम्ही चुकीच्या फेऱ्यावर आहात, अजून एक पूर्ण फेरा द्या.

मग डेल्कोची टोपी काढा, वायरी नका काढू, टोपी तशीच बाजूला करा. रोटर कुठे बघतोय ते पाहा. एक नंबरच्या वायरीकडे बघत नसेल, उलट्या बाजूला दोन वायरींच्या मधोमध बघत असेल, तर तीच चूक. इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो कारण बरेच लोक यात फसतात. चार सिलिंडरच्या गाडीत डेल्को असा अर्धा फेरा उलटा बसला तर मिस्त्री लोक तो काढत नाहीत, टोपीवरच्या वायरीच फिरवून घेतात, एकची जागा चारला आणि दोनची तीनला, आणि गाडी चालते. तुमच्या तीन सिलिंडरच्या इंजिनात ते चालणार नाही. टोपीवर तीन घरं, एकमेकांपासून १२० अंशांवर, आणि चूक १८० अंशांची, मग वायर कुठेही लावली तरी मेळ बसत नाही. डेल्को बाहेर काढूनच परत बसवावा लागतो. आणि तिरक्या दात्यांच्या गिअरवर बसणारा डेल्को आत सरकताना रोटर थोडा फिरतो, म्हणून आधी थोडा आडवा धरून आत सोडायचा, बसल्यावर तो बरोबर एक नंबरसमोर आला पाहिजे. दोन-तीनदा काढ-घाल होईल, कंटाळू नका.

वायरींचा क्रम १-३-२. पण रोटर कोणत्या बाजूने फिरतो ते आधी पुली फिरवून डोळ्यांनी बघा आणि त्याच दिशेने १, मग ३, मग २ अशा वायरी लावा. तीनच वायरी आहेत म्हणून चुकणार नाही असं वाटतं आणि नेमकं तिथेच चुकतं, दोन आणि तीन उलट लागल्या की गाडी एकाच सिलिंडरवर खोकत राहते.

आता सेल्फ का बंद करायला सांगितला ते. महिनाभर तुम्ही सेल्फ मारताय, दर वेळी पेट्रोल आत जातंय आणि जळत नाहीये. ते पेट्रोल कुठे जाणार, सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन रिंगांच्या बाजूने खाली ऑइलच्या चेंबरमध्ये. नवा बोर, नव्या रिंगा, आणि मध्ये ऑइलच नाही, कोरडं घासतंय. वर ऑइल पातळ झालं, ते बेअरिंगला काय धरणार. सात हजार गेले त्याचं मला तितकं वाटत नाही, पण तुम्ही दोघांनी एवढ्या कष्टाने बांधलेलं इंजिन चालू व्हायच्या आधीच झिजावं हे मला सहन होत नाही. तेव्हा डेल्को बसवायच्या आधी ऑइल पूर्ण काढा, फिल्टर बदला, नवं ऑइल भरा. जुनं ऑइल नव्यासारखं दिसेल, तरी मोह करू नका. मग प्लगच्या प्रत्येक भोकातून चमचाभर ऑइल आत सोडा, प्लग न लावताच बॅटरी जोडा, कॉईलकडून डेल्कोला येणारी मधली वायर काढून इंजिनच्या पत्र्याला टेकवून ठेवा म्हणजे ठिणगी इकडेतिकडे उडणार नाही, आणि ऑइलचा दिवा विझेपर्यंत थोडा थोडा सेल्फ मारा. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त नको, मध्ये सेल्फला गार होऊ द्या, आपल्याकडे वैशाखात शेडमध्ये बॉनेटला हात लावता येत नाही तिथे सेल्फची मोटार तर लगेच तापते.

मग प्लग लावा, कोरडे करून, गॅप ०.७ ते ०.८ मिलिमीटर. आणि एअर फिल्टरचा डबा लावूनच सुरू करा. फट् झालं तर जाळ डब्यात राहतो, तुमच्या तोंडावर येत नाही. कार्बोरेटरमध्ये वरून बाटलीने पेट्रोल ओतत सेल्फ मारायची सवय आपल्याकडे खूप आहे, ती सोडा, मी त्यात भाजलेली माणसं बघितलीत. जवळ कोरड्या वाळूची पाटी ठेवा.

पेट्रोलचंही बघा. संक्रांतीपासून टाकीत आहे ते काढून टाका. आपल्याकडच्या उन्हात पेट्रोलमधला लवकर पेट घेणारा भाग आधी उडून जातो, आणि आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं, ते हवेतलं पाणी ओढतं. १९९७ च्या गाडीच्या रबरी नळ्या या पेट्रोलसाठी बनलेल्या नाहीत, फुगतात, चिरतात, तेव्हा त्या बदलून घ्या, त्याचे पैसे वाया जाणार नाहीत.

तुम्हाला हे लागणार नाही, पण ज्यांच्या गेजवर ७ किलोपेक्षा कमी दाब येतोय त्यांच्यासाठी दोन शब्द. आधी चमचाभर ऑइल प्लगच्या भोकातून टाकून परत मोजा. दाब वाढला तर गळती रिंगांकडून आहे, आणि बऱ्याचदा ती वर सांगितल्यासारखी पेट्रोलने धुतलेल्या बोरची असते, रिंगांची चूक नसतेच. दाब जैसे थे राहिला तर व्हॉल्व्हकडे बघा. व्हॉल्व्ह घासले की ते सीटमध्ये थोडे आत बसतात आणि त्यांची दांडी तेवढीच वर येते, मग टॅपेटचा जुना गॅप राहत नाही, व्हॉल्व्ह पूर्ण मिटतच नाही. हेडचं काम करून आणलं आणि टॅपेट न बघता झाकण लावलं अशा गाड्या माझ्याकडे दर सीझनला येतात. फिलर गेज घ्या, इंजिन थंड असताना गॅप करा, अर्ध्या तासाचं काम आहे. बेल्ट एक दाता सरकला तरी गाडी कशीबशी चालते, दोन-तीन दाते सरकले की दाबच जातो. आणि हाताने फिरवताना कुठे टणक अडलं तर जोर लावू नका, काही इंजिनात व्हॉल्व्ह पिस्टनला टेकतात, सेल्फला ते कळत नाही पण हाताला कळतं.

अजून एक, सेल्फ जड फिरत असेल तर लगेच इंजिन घट्ट बांधलं गेलं असं म्हणू नका. इंजिन उतरवलं तेव्हा गिअरबॉक्सवरून बॉडीला जाणारी अर्थची वायर काढली होती, ती परत लावली का? माझ्याच हातून एका ओम्नीत ती राहून गेली होती. सेल्फ रडत रडत फिरायचा, आणि थोड्या वेळाने ॲक्सिलरेटरच्या केबलमधून धूर निघायला लागला, प्लास्टिक वितळून बोटाला चिकटलं. करंटला परतीची जाड वाट मिळाली नाही म्हणून तो त्या बारीक केबलमधून परत जात होता. वायर तिथेच होती, खाली वाकून बघितलं असतं तर दिसली असती.

मी इतकं लांबवलं कारण मला एकच गोष्ट पटवायची आहे. जी गाडी उतरवायच्या आधी धूर टाकत का होईना पण चालत होती, ती बांधल्यावर चालत नसेल तर बिघाड नव्या सामानात शोधू नका, आपला हात जिथे जिथे लागला तिथे शोधा. कॉईल आधी चांगली होती. ती बदलायची गरज नव्हती. काय काय सुटं केलं होतं ते आठवून, पोराला वहीत लिहायला लावून, एकेक जागा परत बघा.

ता. क. : हे लिहून झालं आणि पाचव्या दिवशी यांचा मेसेज आला, तो तसाच देतो. "दादा, गाडी सुरू व्हयनी! रोटर बरोबर उलटा होता. दुसऱ्या सेल्फला धरली, आईने शेडमध्ये येऊन नारळ फोडला. पण चोक आत ढकलला की बंद पडते, ॲक्सिलरेटर दाबून धरला तर चालते." मी विचारलं, कार्बोरेटरचं किट टाकलं तेव्हा बाजूला एक छोटा सोलेनॉइड (करंटवर उघडणारा व्हॉल्व्ह) आहे, एका वायरीवरचा, ती वायर लावली का? चावी चालू केली की तिथे टक् आवाज यायला हवा. दहा मिनिटांनी फोटो आला, वायर एअर फिल्टरच्या डब्याखाली लोंबत होती. ती लागल्याशिवाय आयडलचं, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालायला लागणारं, पेट्रोल सुटतच नाही. जे किट टाकायची गरज नव्हती ते टाकताना ती निघाली होती. आता गाडी आयडलला उभी राहते. त्यांना सांगितलंय, पहिले पाचशे किलोमीटर गाडी साठच्या आत ठेवा, पण एकाच स्पीडला ओढू नका, चढ-उतार होऊ द्या, नुसती उभी ठेवून तासभर आयडलवर चालवू नका, रिंगा त्याने बसत नाहीत. पाचशेला ऑइल परत बदला, टॅपेट परत बघा. चोपड्याहून बहिणीच्या गावी, शिरपूरकडे, जाऊन-येऊन ते पाचशे काही एका फेरीत होणार नाहीत, पण सुरुवात चांगली आहे.

प्रश्न : आमची डिझेल जीप आहे, शहादा भागात प्रवासी करायचो, आता शेतीलाच वापरतो. इंजिन बांधून आणलं, गॅरेजात सुरू झाली होती, घरी आणून पंधरा दिवस उभी राहिली, मध्ये मी डिझेल फिल्टर बदलला, आता सेल्फला फिरते पण सुरू होत नाही. धक्का मारून पण झालं.
– एक वाचक, जि. नंदुरबार

उत्तर : आबा, सेल्फ मारताना मागे सायलेन्सरला माणूस उभा करा आणि धूर बघायला सांगा, डिझेलच्या गाडीत अर्धं उत्तर तिथेच मिळतं. पांढरा धूर येत असेल तर डिझेल आत जातंय पण जळत नाही, मग दाब, पंपाचं टायमिंग, आणि हीटर प्लगचं इंजिन असेल तर हीटर प्लग बघायचे. धूरच येत नसेल तर डिझेल पोचतच नाही. तुम्ही फिल्टर बदललाय आणि गाडी आधी चालू झाली होती, म्हणजे माझं मत सरळ हवेकडे जातं, लाइनमध्ये हवा धरलीय.

पण हवा काढायच्या आधी पंपावरचा स्टॉपर बघा. गाडी बंद करायची ती वायर ओढलेल्या जागीच अडकून राहिली तर तुम्ही रात्रभर सेल्फ मारला तरी पंप डिझेल सोडणार नाही. ते ठीक असेल तर फिल्टरच्या डोक्यावरचा हवा काढायचा स्क्रू थोडा ढिला करा आणि फीड पंपाचा हातपंप मारत राहा. आधी फेस येईल, बुडबुडे येतील, मग सरळ डिझेलची धार येईल, धार येत असतानाच स्क्रू आवळायचा. पंपावर तसाच स्क्रू असेल तर तिथेही हेच. मग इंजेक्टरकडे जाणाऱ्या पाइपांचे नट इंजेक्टरच्या टोकाला एकेक फेरा ढिले करा, सेल्फ मारा, डिझेल टपटपायला लागलं की एकेक आवळत या, दोन आवळले की बहुतेक गाडी धरतेच. ढिल्या नटासमोर हात किंवा तोंड नेऊ नका, त्या डिझेलला इतका दाब असतो की ते कातडीतून आत घुसतं, वरून बारीक टोचल्यासारखं दिसतं आणि आत हात सडतो. असं कोणाला झालं तर घरी हळद लावत बसू नका, तडक मोठ्या दवाखान्यात न्या.

आणि एकदा हवा काढून सुरू झाली, पण परत उभी राहिली की परत तेच, तर हवा कुठून तरी रोज येतेय. फिल्टरचं जुनं वॉशर परत लावलं असेल, तांब्याचं असेल तर ते एकदा दबलं की नीट धरत नाही. टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या नळीला डिझेल गळत नाही म्हणून ती चांगली आहे असं समजू नका, तिथे ओढ असते, डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते.

प्रश्न : सर, अल्टो, इंजेक्शनवाली. हेड गॅस्केट गेलं म्हणून मिस्टरांनी ओळखीच्या मुलाकडून काम करून घेतलं. आता सेल्फ फिरतो, पण प्लगला करंट नाही आणि पेट्रोलचा वासही नाही. तो मुलगा म्हणतो ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) गेला, मोठा खर्च सांगतोय. मला रोज अमळनेरहून शाळेत जायला गाडी लागते.
– एक वाचिका, अमळनेर

उत्तर : ताई, ईसीएम शेवटी. करंट आणि पेट्रोल दोन्ही एकदम गेलं याचा अर्थ बऱ्याचदा एवढाच असतो की इंजिन फिरतंय ही बातमीच ईसीएमपर्यंत पोचत नाही. ती बातमी देणारा सेन्सर असतो, क्रँकचा किंवा कॅमचा, हेडचं काम करताना त्याचं सॉकेट काढावं लागतं. ते लागलंय का, टक् होईपर्यंत बसलंय का, आत पिना वाकल्या नाहीत ना, सेन्सरच्या तोंडावर लोखंडाचा चुरा नाही ना, एवढं आधी बघायला सांगा. हेडवर किंवा मॅनिफोल्डवर वायरिंगचे अर्थ बोल्टने लागतात, ते बोल्ट लागले पण त्यांच्याखाली वायर नाही असं होतं, तेही बघा. चावी चालू केल्यावर मागे टाकीतला पंप दोन-तीन सेकंद गुणगुणतो, तो आवाज येत नसेल तर फ्यूज आणि रिले. मीटरवर चावीचं चिन्ह लुकलुकत असेल आणि तुमच्या गाडीला इमोबिलायझर (ओळखीच्या चावीशिवाय गाडी सुरू न होऊ देणारी सोय) असेल तर दुसऱ्या चावीने सुरू करून बघा.

हे सगळं बघूनही नाही झालं तर स्कॅनर लावून कोड काढा आणि तो कोड कागदावर लिहून घ्या. सेल्फ मारत असताना स्कॅनरवर आरपीएमचा आकडा हलतोय का हे स्वतः बघा, दोनशेच्या आसपास दिसायला हवा. शून्यच दिसत असेल तर सेन्सर किंवा त्याची वायर, आणि ती बदलेपर्यंत ईसीएमच्या नावाने एक रुपयाही देऊ नका.